लाल कोटातला बाजा

पनवेलच्या बाजारात मुबारक शिंप्याच्या दुकानात आठ लाल कोट दांडीवर टांगलेले दिसले, तेव्हा ओवे गावच्या तुळशीरामाला वाटलं, गावात सर्कस येणार असेल. कोट नुसते लाल नव्हते. गळ्याला पिवळी फीत, खांद्यावर पिवळ्या झिरमिळ्या आणि छातीवर दोन रांगांत पितळेची बटणं.

"कुठची सर्कस?" त्याने विचारलं.

मुबारकने मान वर केली नाही. मशीन चालूच ठेवलं. शेजारचा चहाचा हॉटेलवाला महादेव दोन ग्लास घेऊन दारात उभा होता, त्याला मात्र हसू आवरेना.

"सांग ना मुबारक. आज ना उद्या कळणारच आहे बुवांना."

"सर्कस नाही," मुबारक म्हणाला. "दादूचे आहेत."

"कुठचा दादू?"

"आपला दादू. बेलपाड्याचा. बँड काढलाय त्याने. सनई बंद."

तुळशीराम ओटीवर टेकला होता तो उठला. एका कोटाची बाही त्याने दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी, आणि सोडून दिली.

"आनि तू शिवलेस?"

"मी शिंपी आहे तुळशीभाई. कफनही शिवतो. म्हणून मी कुणाला मारलं असं होतं का?"

नवे पैसे चालू होऊन तेव्हा एखादं वर्ष झालं असेल. माणसं अजून आण्यांतच बोलत होती. त्या काळात पनवेलपासून खाडीपर्यंतच्या गावांत लग्न म्हटलं की खालूबाजा, आणि खालूबाजा म्हटला की दादूचा. दोन सनया, एक ढोल, एक टिमकी, झांजा; पाच माणसं. पुढे दादू, तो चाल वाजवायचा. त्याच्या मागे धाकटा भाऊ रामू, तो नुसता सूर धरायचा. एकच सूर, वाजवणं सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत न तुटता. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि त्याच वेळी गालातला वारा सनईत सोडायचा. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला काही कामच नाही.

तुळशीराम हा त्या बाज्याचा पहिला ऐकणारा. मिठागरात तो कामाला होता, पायांना मिठाने भेगा पडलेल्या, पण कान राजाचा, असं लोक म्हणत आणि तोही म्हणायचा. कुणाचंही लग्न असो, आमंत्रण असो नसो, दादूचा बाजा असला की तुळशीराम मांडवाच्या पुढच्या मेढीला पाठ लावून बसायचा आणि डोळे मिटायचा. मधेच एकदा उजवा हात वर करायचा आणि "वा" म्हणायचा. तो हात वर गेला की माणसं समजत, काहीतरी मोठं झालं. हात नाही गेला तर वरबापाचं तोंड उतरायचं. होता होता अशी रीतच पडली, की बाजा मांडवात आला की म्होरक्याला जो मानाचा नारळ द्यायचा, तो यजमानाने न देता तुळशीरामाच्या हातून द्यायचा. पाच गावांत हा मान त्याच्याकडे होता.

पनवेलच्या बाजारात मंगळवारी आला की तो मुबारकच्या ओटीवर बसायचा. मुबारकला सनईचं वेड, महादेवाला बोलण्याचं. तिघे मिळून पंचक्रोशीतल्या बाकीच्या बाज्यांची चामडी सोलायचे. कुठल्या सनईवाल्याच्या फुंकणीतून धूर निघतो, कुठल्या ढोल्याला म्हैस हाकायला पाठवावं, हे सगळं तिथे ठरायचं. एकदा महादेवाने विचारलं होतं, "बुवा, दादूचं ठीक. पण त्या रामूचं काय? तोही फुंकतोच की."

"सूर धराया काय लागतं?" तुळशीराम म्हणाला होता. "बैल बांदला तरी चालंल. बैलाच्या तोंडात सनई दिली नि शेपटी पिलली, का जाला सूर."

नेमका त्याच वेळी रामू बटणं घ्यायला दुकानात आला होता. त्याने ऐकलं. बटणं घेतली आणि गेला. तिघे पोट धरधरून हसले.

तर तो दादू आता लाल कोट घालणार होता.

"भीक मागंल तो," तुळशीराम म्हणाला. "लिहून ठेव. पुढच्या सालच्या लग्नसराईला तोच कोट इकून तांदूल आनंल."

पण त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. कारण दादूच्या सनईशी त्याची एक गोष्ट अडकलेली होती, आणि ती मुबारक नि महादेवाला माहीत होती.

ओव्याकडे मुलगी सासरी निघाली की माहेरचा बाजा तिच्या गाडीबरोबर शिवेपर्यंत जातो. शीव ओलांडत नाही. तिथे चिंचेखाली गाडी थांबते आणि बाजा एक चाल वाजवतो, पाठवणीची. ती एकदाच वाजवायची, गाडी दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग बाज्याने मागे न बघता गावात परतायचं. ही चाल दादूच्या बापाने बांधलेली. दुसऱ्या कुठल्याही बाज्याला ती येत नव्हती, आणि येत असती तरी कुणी वाजवली नसती. तुळशीरामाला एकच मुलगी, गोदू. ती पाळण्यात होती तेव्हापासून तो तिला सांगत आला होता, की तुझ्या पाठवणीला दादू अशी चाल वाजवेल, की चिंचेचा पाला गळेल. गोदू आता अठराची होती. जासई गावच्या आनंदाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. वैशाखात लग्न होतं.

दोन आठवड्यांनी तो नवा बाजा त्याने प्रत्यक्षच बघितला. बाजारातून एका व्यापाऱ्याची वरात निघाली होती. महादेवाने चहाचं भांडं उतरवलं, मुबारक सुई तोंडात धरून बाहेर आला, आणि तिघे ओटीवर उभे राहिले.

आधी आला दादू. लाल कोट, डोक्याला तुऱ्याची टोपी, हातात पितळी मुठीची काठी. ती काठी तो वर-खाली हलवत होता. बस, तेवढंच. तोंडात काही नाही. ज्या माणसाने तीस वर्षं वाऱ्याचं सोनं केलं, तो आता गुराख्यासारखा काठी हलवत चालला होता. त्याच्या मागे रामू, तोंडात काळी लाकडी कलॅरनेट. मग दोन पितळी भोंगे, ते फुंकणारी पोरं कालपर्यंत खाडीत निवट्या पकडत होती. मोठ्या ढोलावर रंगाने लिहिलेलं: दादू मास्तर ब्रास बँड. आणि वाजत काय होतं? सिनेमातलं गाणं. तेही असं, की एक भोंगा पुढे पळत होता आणि दुसरा त्याला 'थांब, थांब' म्हणत होता.

"मास्तर!" महादेव ओरडला. "काठी कुणाला मारायची? गाण्याला? ते मेलंय आधीच!"

लोक हसले. तुळशीराम ओटीवरून खाली उतरला आणि वरातीच्या कडेने चालू लागला, दादूला ऐकू जाईल असं बोलत.

"माकडं हायेत माकडं. डोंबारी कुठं गेला रं? दादू, तुजा बापूस वरतून बघतोय, त्याला सलाम ठोक त्या काठीनं."

दादूने त्याच्याकडे बघितलं नाही. काठी मात्र एकदा चुकली. मागून रामूने बघितलं. कलॅरनेट तोंडातच होती, म्हणून तो काही बोलू शकला नाही. पण त्याचे डोळे तुळशीरामावर होते, आणि ते वरात वळेपर्यंत हलले नाहीत.

त्या दिवशी ओटीवर तुळशीरामाने सगळ्या बाजारादेखत शपथ घेतली. दादूचा बँड माझ्या मांडवात आला, तर मी माझे कान मुबारकच्या कात्रीखाली ठेवीन. मुबारकशीही तो तीन मंगळवार बोलला नाही. बाजाराला यायचा, समोरच्या फरसाणवाल्याच्या पायरीवर बसायचा आणि ओटीकडे पाठ करायचा.

घरी भामा, त्याची बायको, मासे साफ करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग कुनाचा बाजा सांगताव?"

"बगू."

"बगू बगू करताव. जासयचं व्याही आयलं व्हतं सकाली. त्यांना ब्यांडच पायजे. आनंदा बोलला, आमच्या जासईत आता ब्यांडशिवाय वरात हालत नाय. दादूचाच सांगा, बोलला."

"त्याला काय कलतं? पायतान नवं घेतलं का ते डोक्यावर ठेवनारा मानूस तो."

"त्याला कलत नाय, तुमाला कलतं. लगीन पोरीचं हाय का बाज्याचं?" भामाने माशाचं डोकं उडवलं. "पोर बसलीय आत. तिला इचारा, तिला काय पायजे."

गोदू आत तांदूळ निवडत होती. त्याने विचारलं. तिने मान वर केली नाही.

"मना त्या चालीशी मतलब, बाबा. लाल कोट असू दे का हिरवा. तुमी बोललाव व्हतं ना, दादूकाका वाजवंल म्हून."

एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचू लागली. तुळशीराम दारात उभा राहिला. तिला पाळण्यात घालून दिलेला शब्द आणि बाजारात घेतलेली शपथ, दोन्ही त्याच्याच तोंडचे. एक पाळला तर दुसरा मोडत होता.

मग त्याने स्वतःशी एक वाट काढली. दादूकडे जायचं. बँड नको म्हणायचं. फक्त दादू, एकटा, सदऱ्यावर, शिवेवर येऊन सनई वाजवेल. जुन्या ओळखीखातर. आणि जाता जाता त्याला चार शब्द सुनवायचे, म्हणजे शपथही राहील. हा विचार त्याला इतका आवडला, की ओव्याहून बेलपाड्याला जाईपर्यंत त्याने ते चार शब्द दहा वेळा घोळवले.

दादू ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दुपार टळली होती. कोट खुंटीला होता, आणि कोटाशिवाय दादू एवढासा दिसत होता.

"आयलास?" दादू म्हणाला. "बस. माकडाकडं आयलास म्हंजे काम असनार."

तुळशीरामाने काम सांगितलं. दादूने ऐकलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खोकला. तो खोकला थांबेचना. आतून रामू बाहेर आला, त्याने भावाला पाणी दिलं, पाठ चोळली आणि तुळशीरामाला म्हणाला, "तुलशीदा, मागं ये. भोंगं दावतो तुला."

"मना नाय बघायचं तुजं भोंगं."

"ये म्हंतोय ना."

मागच्या पडवीत पितळी वाद्यं गोणपाटावर ठेवलेली होती. रामूने राख आणि चिंच घेतली आणि एक भोंगा घासायला सुरुवात केली. तुळशीराम उभाच.

"दादा वाजवनार नाय," रामू म्हणाला.

"का? मास्तर जाला म्हून?"

"दम नाय त्याच्यात. दोन वर्सं जाली. छाती गेली."

"येडा हायेस का? मागल्या साली आमच्या गावदेवीच्या जत्रंला वाजवली ना त्यानं. मी व्हतो पुढं. असा वाजवला, असा वाजवला का माज्या डोल्यातून पानी आयलं. इचार कुनाला बी."

"मना ठाव हाय. मी बघितलं तुला रडताना."

"मंग?"

"ती सनई माजी व्हती."

तुळशीराम हसला. मग रामू हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"दादा पुढं बसायचा नि बोटं फिरवायचा," रामू सांगत होता, हात भोंग्यावर चालूच. "बोटं बराबर फिरायची, ती इसरत नायत. गाल फुगवायचा. पन वारा सोडत नव्हता. सनईच्या तोंडाची पत्ती कोरडी असायची. चाल मी वाजवायचो, मागं बसून. दोन लग्नसराया, तीन जत्रा."

"आनि सूर?" तुळशीरामाने विचारलं. "तू चाल वाजवत व्हतास, तं सूर कोन धरत व्हता?"

रामूने भोंगा खाली ठेवला. पहिल्यांदा त्याने तुळशीरामाकडे सरळ बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. लहान पोराने काहीतरी खुळचट विचारलं की मोठा माणूस बघतो तसं ते बघणं होतं.

"कोनी बी नाय. सूर नव्हताच. दोन वर्सं एकच सनई वाजत व्हती, तुलशीदा. ढोलकऱ्याला ठाव व्हतं, टिमकीवाल्या पोराला ठाव व्हतं. आमी भीत व्हतो, का हा ओव्याचा तुलशीराम हाय, राजाचा कान, हा एका दिसात पकडनार. पयल्या लग्नाला तू मेढीशी बसलास, डोले मिटलेस, तवा माजं हातपाय थंड पडलं. नि तू हात वर केलास. वा बोललास. मंग आमची भीती गेली."

तुळशीराम गोणपाटाच्या कडेवर बसला. घोळवून आणलेल्या चार शब्दांतला एकही इथे बसत नव्हता.

"बैल बांदला तरी चालंल, बोलला व्हतास," रामू म्हणाला. "बैल सुदा नव्हता. तुला पत्ता नाय."

"मंग... तू पुढं बस की उघड. सनई घेऊन. ब्यांड कशाला?"

"मी पुढं बसलो तं दादा घरी बसंल. घरी बसला तं येता पावसाला बी काडायचा नाय. आता गाल फुगवले का खोकला येतो, म्हून ते सोंग बी संपलं. बाज्यात म्होरक्याला फुकाया लागतं. ब्यांडात म्होरक्या काठी हलवतो." त्याने पुन्हा राख घेतली. "तेवड्यासाटी काडला ब्यांड. मना काय हौस हाय त्या कलकलाटाची? वाजवतो तवा माजंच कान किटतात."

बाहेरून दादूचा खोकला ऐकू आला. मग त्याचा आवाज, "रामू, च्या ठेव रं तुलशीरामाला!"

"गोदूची चाल," तुळशीराम म्हणाला. एवढंच.

"वाजवीन. सनईवर वाजवीन. पोरीनं काय केलंय?" रामूने भोंगा उन्हात धरून बघितला. "पन आमी लाल कोटातच येनार, आठी जन. आनि मानाचा नारल तू दादाच्या हातात द्यायचा, मांडवात, सगल्यांच्या म्होरं. त्या पनवेलवाल्यांना बी बोलाव. ज्या तोंडानं माकडं बोललास त्याच तोंडानं बोलायचं, दादूचा बाजा पयल्यासारखाच हाय."

"खोटं बोलू?"

"दोन वर्सं बोललास की," रामू म्हणाला. "तवा फुकट बोलत व्हतास."

हळदीच्या दिवशी सगळा ओवे गाव तुळशीरामाच्या मांडवात होता. महादेव पनवेलहून खास आला होता, कानांची गंमत बघायला. मुबारकही आला होता, नवा सदरा घालून, जरा बाजूला उभा. जासईचा आनंदा, नवऱ्या मुलाचा बाप, उष्टी हळद घेऊन आला होता आणि पानाने तोंड लाल करून सगळ्यांना सांगत होता, की ब्यांड माज्या सांगन्यावरून आयला.

बँड आला. सिनेमातलं गाणं वाजवत आला, आणि ते बाजारात वाजलं होतं त्याच्यापेक्षा वाईट वाजत होतं, कारण एका भोंगेवाल्या पोराने वाटेत ताडी प्यायली होती. पुढे दादू, काठी वर-खाली. मांडवाच्या तोंडाशी तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि टोपी एका बाजूला झुकली होती.

भामाने नारळ तुळशीरामाच्या हातात दिला. तुळशीराम चार पावलं पुढे गेला आणि दोन्ही हातांनी नारळ दादूच्या हातात ठेवला.

"दादूचा बाजा," तो म्हणाला, आणि घसा साफ करून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "दादूचा बाजा पयल्यासारखाच हाय."

दादूचा चेहरा असा उजळला, की बघवेना. त्याला खरंच वाटलं. बाकी कुणाला वाटलं नाही.

"अरे वा!" मागून महादेव म्हणाला. "बुवा, कात्री आणलीय मुबारकने. कान उजवा आधी का डावा?"

मांडव हसला. मिठागरातले गडी हसले, आनंदा न कळता हसला. तुळशीराम तोंड उघडून एक वाक्य बोलला असता, तर महादेवाचं हसू तिथेच घशात अडकलं असतं. त्या दोन वर्षांत महादेवानेही कमी माना डोलावल्या नव्हत्या. पण ते वाक्य बोलायची सोय नव्हती. तो मेढीपाशी जाऊन बसला, नेहमीच्या जागी, डोळे उघडे ठेवून.

थोड्या वेळाने मुबारक जवळ आला.

"कोट शिवले म्हणून मला तीन मंगळवार तोंड नाही दाखवलंस," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि तू? व्याह्याने डोळे वटारले नि तू नारळ दिलास. मी तरी धंद्यासाठी केलं, भाई. तू कशासाठी?"

तुळशीरामाने नारळ घेऊन उभ्या असलेल्या दादूकडे बघितलं. मुबारक न जेवता निघून गेला. शिंप्याच्या ओटीवरची त्याची जागा त्या दिवशी गेली, हे तुळशीरामाला कळलं. ती पुढे कधी परत मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि ऊन उतरायला लागल्यावर गोदूची गाडी निघाली. भामा घरीच थांबली. तुळशीराम गाडीमागे चालला. बँड सिनेमातली तीन गाणी वाजवून थकला आणि शिवेवरच्या चिंचेखाली थांबला. महादेव अजून गेला नव्हता. गावातली दहा-वीस माणसं बरोबर होती.

रामूने कलॅरनेट पोराच्या हातात दिली. लाल कोटाची दोन बटणं सोडली आणि आतून सनई काढली. दादू पुढे उभा राहिला, काठी उंच धरून. त्याने काठी खाली आणली, जशी काही ती चाल त्या काठीतूनच निघणार होती.

रामू वाजवायला लागला.

तुळशीरामाने डोळे मिटले नाहीत. तो रामूच्या बोटांकडे बघत होता, गळ्याच्या शिरांकडे बघत होता, आणि ऐकत होता. चाल तीच होती. पण पहिल्या ओळीतच त्याला ते ऐकू आलं, जे दोन वर्षं आलं नव्हतं. चालीखाली जमीन नव्हती. सनई वर जायची आणि तिला परत येऊन टेकायला जागा नव्हती. जत्रेला हे असंच वाजलं असणार, आणि आपण मेढीला टेकून हात वर केला असणार. एवढी साधी गोष्ट, एखाद्या शेंबड्या पोरालाही कळली असती.

गाडी हलली. गोदूने मागे वळून बघितलं.

तेव्हा तुळशीरामाने तोंड उघडलं आणि तो सूर धरला. गळ्याने, नुसत्या 'आ'ने. आवाज फाटका होता, मिठाने खाल्लेला, पण जागा बरोबर होती. रामूची सनई क्षणभर डगमगली, मग त्या सुरावर टेकली आणि पुढे गेली. माणसांनी वळून बघितलं. मुलीच्या पाठवणीला बाप रडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. हा मात्र गोठ्यातल्या गुरासारखा हंबरत होता. कुणीतरी तोंडावर पदर घेऊन हसलं.

"झालं," महादेव म्हणाला. "आधी कान गेले, आता डोकं."

तुळशीरामाने सूर सोडला नाही. नाकाने श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी आवाज सोडायचा, हे त्याने हजार वेळा बघितलं होतं आणि गळ्याने ते होत नाही हे त्याला आत्ता कळत होतं. छाती भरून आली. कानांत घणघण सुरू झाली. गाडी अजून समोर दिसत होती, मिठागराच्या बांधापर्यंतही पोचली नव्हती, आणि त्याचा सूर तुटला. त्याने पुन्हा धरला. पुन्हा तुटला. तिसऱ्या वेळी नुसती हवा निघाली.

बांधावरून गाडी दिसेनाशी होईपर्यंत रामू एकटाच वाजवत राहिला, खाली काही नसताना, जसा दोन वर्षं वाजवत आला होता. मग त्याने सनई तोंडातून काढली, पत्ती सदऱ्याला पुसली आणि कोटाच्या आत ठेवली. दोन बटणं लावली.

तुळशीराम गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. रामू त्याच्याजवळून गेला तेव्हा एक पाऊल थांबला.

"बैल बरा," तो म्हणाला.

आणि पोराच्या हातातून कलॅरनेट घेऊन दादूच्या मागे जाऊन उभा राहिला. दादूने काठी उचलली. बँड सिनेमातलं गाणं वाजवत, मागे न बघता, गावाकडे निघाला.